तान्ह्या पोळ्याला लेकराचा बैल केवढा असावा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. श्रावण लागला की हा प्रश्न येतोच: "लेकरू तीन वर्षांचं झालं, यंदा पहिल्यांदा तान्ह्या पोळ्यात न्यायचं आहे. बैल केवढा घ्यायचा आणि तयारी काय काय करायची?" पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. कोणी हात न लावता लेकराला घरापासून मारोतीच्या देवळापर्यंत जो बैल ओढत नेता येईल, तेवढाच घ्या. त्याहून मोठा आणलात तर तो शेवटी बापाच्या हाती जातो आणि लेकरू नुसतं बाजूने चालत राहतं.

ज्यांच्याकडे हा सण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोळा श्रावण अमावास्येला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या भागात लहान मुलांचा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात तो सुरू झाला असं नागपुरात सांगतात. त्याच दिवशी सकाळी मारबत, म्हणजे गावातली इडापिडा घालवायला मिरवत नेतात तो पुतळा, निघते. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतींची परंपरा 1880 च्या दशकापासूनची. दुपार कलली की मुलं लाकडी बैल घेऊन तोरणाखाली रांगेत उभी राहतात. तोरण तुटलं की घरोघरी जातात, तिथे बैलाला आणि लेकराला ओवाळून बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, देतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथल्या मोठमोठ्या लाकडी बैलांची कीर्ती सगळ्यांनी ऐकलेली असते. ते बघायला जरूर जा, पण घरच्या लेकरासाठी तसा बैल करायला निघू नका.

आता मापं. दोन-तीन वर्षांच्या लेकराला पाटीसकट (पाटी म्हणजे बैल उभा असतो ती चाकांची फळी) आठ इंच उंचीचा, फार तर दीड किलोचा बैल पुरतो. चार ते सहा वर्षांच्या मुलाला एक फुटाचा चालतो. दीड फुटाच्या वरचा बैल शाळेत चांगलं रुळलेल्या मुलालाच द्या. लाकूड सागवानी असेल तर टिकतं, पण जड होतं. शिवणीचं लाकूड हलकं असतं आणि कोरायला सोपं जातं, म्हणून लहानग्यांसाठी सुताराला शिवण मिळते का ते विचारा.

बैल दिसायला कितीही देखणा असो, सगळी मेख चाकांत असते. बाजारातल्या तयार बैलांना बहुतेक दीड-दोन इंचांची पातळ चाकं लावलेली असतात. ती फरशीवर छान फिरतात. पण पोळ्याच्या दिवसांत गावातला रस्ता म्हणजे गारा (चिखल) आणि उघडे पडलेले गोटे. त्यात पातळ चाक रुततं, लेकरू हिसका देतं आणि बैल तोंडावर पडतो. चार इंच व्यासाची, इंचभर जाड चाकं लावून घ्या. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर बैलाच्या उंचीच्या निम्म्याहून बरंच जास्त हवं, म्हणजे एक फुटाच्या बैलाला निदान आठ इंच. चाकं पाटीच्या खाली दडवलेली नकोत, बाहेर काढलेली हवीत. लाकडी चाक ओलं झालं की फुगतं आणि आसावर घट्ट बसून फिरतच नाही, म्हणून चाकाचं भोक आसापेक्षा थोडं सैल ठेवायला सांगा. आतून मेणबत्ती घासा. ग्रीस लावू नका, त्याचे डाग धोतरावरून निघत नाहीत. बैलाचे पाय पाटीला खिळ्यांनी ठोकलेले असतील तर ओल-उन्हात ते ढिले होतात. पाटीच्या खालून स्क्रू मारून घेतलेले बरे.

दोर कुठे बांधायचा, यातही गफलत होते. खरा बैल वेसणीला धरून नेतात, म्हणून लोक लाकडी बैलाच्याही नाकाला दोर बांधतात. नाक उंचावर असतं. चाक अडलं आणि वरून ओढ बसली की बैल पुढे कलंडतो. वेसण आणि कासरा शोभेला राहू द्या. ओढायचा दोर मात्र पाटीच्या पुढच्या कडेला, मधोमध भोक पाडून बांधा. तीन वर्षांच्या लेकराला साडेतीन फूट दोर ठीक. आखूड दोराने पुढची चाकं उचलली जातात आणि लांब दोर शेजारच्या बैलाच्या चाकात गुंततो. टोकाला मुठीत मावेल अशी लाकडी दांडी बांधा. मनगटाला, कमरेला किंवा गळ्यात दोर कधीही अडकवू नका. गर्दीत कोणाचा पाय त्यावर पडला तर लेकरू ओढलं जातं.

शिंगांच्या टोकांकडे बघा. कारागीर ती अणकुचीदार करतात आणि ती नेमकी लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. टोकं गोल घासून घ्या किंवा वर लाकडी शेंब्या बसवा.

रंगाचं काम पोळ्याच्या निदान आठ दिवस आधी उरका. श्रावणातल्या दमट हवेत ऑइल पेंट लवकर वाळत नाही, हाताला चिकटत राहतो. आजोबांच्या वेळचा जुना बैल काढला असेल तर जास्त जपा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच असू शकतं, आणि पोपडे सुटलेला बैल लहान मूल आधी तोंडात घालतं. असा रंग कोरडा घासू नका, धूळ उडते. ओल्या पॉलिश पेपरने, अंगणात, लेकरं घरात नसताना घासा आणि मग नवा रंग द्या. रंगच नको असेल तर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. एकेक हात वाळायला काही दिवस लागतात. तेलाची चिंधी बोळा करून फेकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मग टाका.

शिंगांना हिंगूळ लावायची रीत आहे. खरा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, तेव्हा लेकराच्या हातात तो देऊ नका. त्याला गेरू आणि हळद कालवून द्या, सजावटीतलं तेवढं काम त्याचं त्याला करू द्या. रंग ओघळला, डोळा वाकडा झाला, तरी पुसून नीट करू नका. बेगड चिकटवायला मैद्याची लई (खळ) पुरते. तिच्यात मोरचूद टाकायची जुनी सवय असेल तर या कामापुरती सोडा, ते विष आहे. घुंगरं दोऱ्यात ओवून दोन गाठी मारा. सुटं घुंगरू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतं.

लाकडी बैल जमत नसेल तर मातीचा करा, पण शेतातली काळी माती जशीच्या तशी घेऊ नका. वाळताना ती आकसते आणि बैलाला तडे जातात. वारुळाची माती चाळून घ्या, किंवा काळ्या मातीत निम्मी बारीक रेती आणि मूठभर भुसा मळा. पायांत तुराटीचे तुकडे खोचा, सावलीत वाळवा. हा बैल चाकांवर टिकत नाही, पूजेपुरताच.

आदल्या दिवशीच्या मोठ्या पोळ्यालाही लेकराला न्याच. बैल कशाला म्हणतात, झूल कशी असते, मठाठीचा साज कुठे बांधतात हे आधी दिसलं की दुसऱ्या दिवशीच्या खेळाला अर्थ येतो. मात्र उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा. अंगावर नवी झूल, कपाळाला बाशिंग, भोवती डफडी आणि फटाके, यांनी शांत बैलही बुजतो. लाल कपड्याने तो चिडतो ही समजूत खोटी, तो आवाजाने आणि अचानक हालचालीने बिचकतो. बैलाच्या मागे किंवा दोन जोड्यांच्या मधे उभं राहू नका, लाथ बाजूलाही बसते. खरा धोका पोळा फुटताना असतो, कारण तोरण तुटलं की जोड्या पळत घराकडे निघतात. त्याच्या आधीच लेकराला घेऊन एखाद्या उंच ओट्यावर चढा. पाया पडायचं, घास भरवायचा, ते बैल गोठ्यावर आल्यावर, धन्याला विचारून.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुलं रडतात ती बहुतेक वाट पाहून. पाहुणे, परीक्षण, बक्षिसं यांत तास सहज जातो. लेकराला दुपारी झोपवून, जेवू घालून, तोरणाची वेळ झाल्यावरच न्या. शेतकऱ्याचा वेश करणार असाल तर धोतर शिवलेलं घाला, टाचण्या लावू नका. मिशी काजळाची काढा, डिंकाची नको. पायात मागून पट्टा असलेली सँडल घाला, साधी चप्पल गाऱ्यात राहून जाते.

बोजाऱ्यासाठी पाच-सहा घरं पुरे: मोठी आई, मामा, शेजारची काकू, आणि ज्यांच्या घरी लहान मूल नाही अशी एक-दोन घरं. या शेवटच्या घरांना विसरू नका, तिथे लेकराची वाट पाहिली जाते. नाणी घेतली तर लगेच बटव्यात घाला. मुठीतलं नाणं तोंडात जातं. फुटाणे-शेंगदाणे चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालताना देऊ नका. आणि दिवेलागणीच्या आत घरी या. करीच्या, म्हणजे याच दिवसाच्या, संध्याकाळी पिऊन गाडी हाकणारे रस्त्यावर असतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी बेगड आणि लई पुसून काढा, नाहीतर झुरळं लागतात. बैल उन्हात नको, सावलीत दोन दिवस वाळवा आणि कापडात गुंडाळून फळीवर ठेवा. जमिनीवर ठेवला तर वाळवी चढते. मधून मधून उघडून बघा. खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर लाकडात कीड आहे, त्या भोकांत कडुनिंबाचं तेल सोडा. नवा बैल करायला टाकायचा असेल तर सुताराकडे उन्हाळ्यात जा. पोळा तोंडावर आल्यावर मिळणारं लाकूड बहुधा ओलं असतं आणि दिवाळीपर्यंत त्याला चीर पडते.