झाकण मिटायची रीत

झाकणाचं जुनं खिशातलं घड्याळ हाती आलं की जो तो आधी ते उघडतो आणि लगेच 'टक्' करून मिटतो. आवाज झकासच. पण त्या प्रत्येक 'टक्'ला झाकणाची कड थोडी झिजते.

आत दोन पोलादी कमानी, म्हणजे स्प्रिंगा, असतात. बिजागरीपाशी, नऊच्या बाजूची कमान झाकण वर उचलते. समोरची, तीनच्या बाजूची, खिट्टीनं झाकणाची कड धरून ठेवते. चावीचं बोंड दाबलं की खिट्टी मागे सरते. झाकण नुसतं दाबून मिटलं तर पोलाद सोन्याच्या कडेवर घासत जातं. अठरा कॅरट सोनं पोलादापुढे किती टिकणार! कड गोल होते आणि घड्याळ खिशातच उघडायला लागतं. म्हणून बोंड दाबून धरायचं, झाकण पूर्ण टेकवायचं, मग बोंड सोडायचं. आवाज येता कामा नये. विकणारा कौतुकानं दहा वेळा 'टक् टक्' करून दाखवू लागला, तर कडेला भिंग लावून बघाच.

झाकण आळसावल्यासारखं अर्धंच उठलं तर दोष बहुधा कमानीचा. घामानं गंजते, नाहीतर थकते. तयार कमान मिळाली तरी कानसून बसवावी लागते. कधी मात्र बिजागरीत नुसता मळ असतो. तिथे तेल ओतू नये. धूळ चिकटून बिजागरी आणखी जाम होते. टोकदार लाकडी काडीनं मळ काढावा.

काचेचीही एक गंमत. झाकणाखालची काच अगदी पातळ आणि बसकी असते. कुणी बिनझाकणाच्या घड्याळाची जाड काच बसवली की झाकण काचेवर टेकतं, खिट्टी लागत नाही. जोर केला की काच गेली.

अमेरिकेत किप्टन इथे 1891मध्ये झालेल्या आगगाड्यांच्या टकरीनंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक होत गेले आणि त्यात झाकण बादच झालं. वेळ बघायला आधी झाकण उघडा, हा उद्योग इंजिनवर कोण करणार?

झिजलेल्या कडेवर कसबी सोनार नवी पट्टी झाळून देतो. काम सांगताना यंत्र आणि दोन्ही कमानी आधी बाहेर काढणार ना, एवढं विचारून घ्या. आचेनं पोलादाचं पाणी उतरतं; मग कड नवी कोरी आणि कमान मेलेली.