खांब कोणत्या मातीत उभा आहे?

वणी-वरोरा रस्त्यावर २०२३ मध्ये २०० मीटरची बांबूची क्रॅश बॅरिअर, म्हणजे घसरलेली गाडी अडवणारी रस्त्याकडेची आडवी पट्टी आणि तिचे खांब, लागली, नाव ठेवलं 'बाहुबली'. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न येतो, "का रे, बांबू गाडी अडवते का?" अशाच पण लोखंडी बॅरिअर बसवण्यावर माझं पोट आहे, त्यामुळे उत्तर माझ्याकडेच असणार असं सगळे धरून चालतात.

तो काही कुंपणाचा बांबू नाही. बाल्कोआ जात, क्रिओसोट तेल पाजलेलं, वरून जुन्या प्लास्टिकचा थर. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात त्याची चाचणी झाली, आगीची चाचणी रुडकीला. मला काळजी बांबूची नाही, खांबाखालच्या मातीची आहे. आणि ती लोखंडी पट्टीलाही तितकीच लागू आहे.

कारण चाचणीत पास होते ती अख्खी बांधणी. नुसती पट्टी कुणी तपासत नाही. अमेरिकेच्या 'मॅश' या बॅरिअर-चाचणी पद्धतीत महामार्गाच्या नेहमीच्या पातळीला २२७० किलोचा पिकअप ताशी १०० किलोमीटरने, २५ अंशांत आणून आदळतात. ११०० किलोच्या छोट्या कारचीही तीच गत. बॅरिअर पिकअपला धरेल इतकी दणकट हवी आणि कारमधल्या माणसाची मान मोडणार नाही इतकी लवचीक. हे साधतं कसं? खांब मातीत कलतो, पट्टी त्याच्यापासून सुटते, ताणली जाते आणि गाडीला रस्त्याच्या दिशेने वळवते. म्हणजे माती हा त्या यंत्राचाच एक भाग. म्हणून तिथे गाडी सोडण्याआधी मातीची ताकदही मोजतात.

आमच्याकडे निविदेत सहसा १.८ मीटरचा खांब, त्यातला १.१ मीटर जमिनीत. पट्टीची जाडी मोजतो, जस्ताचा थर मोजतो, फोटो काढतो. खालची काळी माती मात्र मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि जुलैत लोण्यासारखी होते. तोच खांब, तीच पट्टी, पण पावसाळ्यात अख्खी रांग ढकलली जाऊ शकते. उलट खडक लागला की मशीन अडतं. मग मुकादम म्हणतो, "साहेब, इथं अर्धाच गेला न, काँक्रीट टाकून देऊ का?" काँक्रीटमध्ये जखडलेला खांब कलत नाही, चाक त्यात अडकायची भीती वाढते. त्याला वाटतं, आपण जास्तच मजबूत करून दिलं.

वजनाचंही गणित बघा. पट्टीला काटकोनात लागणारा वेगच मोजायचा असतो. चाचणीतल्या पिकअपचा धक्का सुमारे १५६ किलोज्यूल. साडेअठरा टनांचा ट्रक ताशी फक्त ६० ने, १५ अंशांत आला तरी १७२. शिवाय त्याचा गुरुत्वमध्य उंच, म्हणजे पट्टी तुटली नाही तरी तो वरून कलंडू शकतो. ट्रकसाठी वेगळ्या पातळीच्या चाचण्या आहेत, त्यात १० टनांचा ट्रक ताशी ९० ने सोडतात. विदर्भात कोळशाचे ट्रक ज्या वळणांवरून जातात तिथे तरी साध्या डब्ल्यू आकाराच्या लोखंडी पट्टीवर भागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की ७० सेंटीमीटर उंचीवरची पट्टी ६० वर येते, तेही कुणी मोजत नाही. ढाब्यासमोर पट्टी कापून वाट काढतात, आणि तो उघडा टोकदार शेवट येणाऱ्या गाडीकडे तोंड करून राहतो. त्याबद्दल एकदा स्वतंत्र लिहितो, नाहीतर इथेच भांडण सुरू होईल.

तूर्त माझी मागणी छोटी आहे: भर जुलैत, रांगेतले काही खांब साखळीने ओढून किती जोरावर हलतात ते लिहून ठेवा. पोकलेन, साखळी आणि ओढीचा जोर मोजणारा एक लोडसेल, एवढंच लागतं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही बीओक्यूत, म्हणजे निविदेतल्या कामांच्या यादीत, याचा आयटम नव्हता. आयटम नाही म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे कंत्राटदार त्यासाठी पोकलेन पाठवणार नाही.