स्कोकीतली खुर्ची

आमच्या घरापासून स्कोकी गाडीने वीस मिनिटांवर. शिकागोला लागूनच आहे. डेव्हन अव्हेन्यूवरून पोहे-गोडा मसाला घेऊन परतताना तिथल्या होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, म्युझियमची पाटी कितीदा वाचली असेल, पण आत कधी गेले नव्हते. मुलाच्या शाळेत हिटलर आला, तेव्हा कुठे जाणं झालं, २०२३च्या हिवाळ्यात. इलिनॉयच्या शाळांत हा विषय १९९०पासून सक्तीचा आहे. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य.

म्युझियम इथेच का, ते तिथे गेल्यावर कळलं. छळछावण्यांतून वाचलेले पुष्कळ ज्यू स्कोकीत स्थायिक झाले होते, आणि नेमकं म्हणूनच १९७७मध्ये नव-नाझींच्या एका टोळक्याने इथून मोर्चा काढायचं ठरवलं. कोर्टाने भाषणस्वातंत्र्य म्हणून त्यांना मोकळीकही दिली. मोर्चा शेवटी स्कोकीत आलाच नाही. पण इतकी वर्षं घरातसुद्धा गप्प राहिलेली माणसं त्या निमित्ताने बोलू लागली. १९८१मध्ये त्यांनी संस्था काढली, मेन स्ट्रीटवरच्या एका गाळ्यात छोटं प्रदर्शन मांडलं. आताची इमारत २००९ची. अंधाऱ्या बाजूने आत शिरायचं आणि उजेडाच्या बाजूने बाहेर पडायचं, अशी तिची रचना. मध्ये जर्मन मालगाडीचा एक डबा आहे, ज्यूंना कोंबून छावण्यांकडे नेत तसला. तो बघून लोकलची उपमा माझ्या अगदी ओठावर आली होती. गिळली.

मग होलोग्रामचा, म्हणजे माणूस खरंच समोर बसलाय असं वाटायला लावणाऱ्या प्रतिमेचा, कार्यक्रम. वाचलेल्या माणसांना शंभराहून जास्त कॅमेऱ्यांसमोर कित्येक दिवस बसवून हजाराहून जास्त प्रश्न विचारलेत. आता आपण प्रश्न विचारायचा, की त्या उत्तरांतलं नेमकं उत्तर समोर येतं. स्टेजवर खुर्चीत फ्रिट्झी फ्रिट्झशॉल. या म्युझियमच्याच अध्यक्षा, २०२१मध्ये वारल्या. पोरवयात ऑशविट्झच्या छळछावणीत गेलेल्या. पुढे सक्तमजुरीच्या छावणीत ६०० बायकांत सगळ्यांत लहान त्याच. बाकीच्या ५९९ जणी आपापल्या पावातला चुरा त्यांना द्यायच्या. बदल्यात एकच वचन: जगलीस, तर आमची गोष्ट सांग.

पाव नव्हे, चुरा! माझ्या पर्समध्ये तेव्हा सँडविचच्या कडा होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चिरंजीव खात नाहीत म्हणून सकाळी कापलेल्या.

लोकांचे प्रश्न मात्र आपल्यासारखेच. जेवायला काय मिळायचं, देवावर विश्वास उरला का. दोन प्रश्नांच्या मधे बाई नुसत्या बसून असतात. पापण्या लवतात, श्वास चाललेला दिसतो. त्या क्षणांत बघवेना. एरवी सतत चुळबुळणारा माझा मुलगा एकदा हात वर करून पुन्हा खाली घेऊन बसला.

दिवे लागले, लोक उठून कोट घालू लागले. दारापाशी त्याने माझी बाही ओढली.

"आई, त्या अजून बसल्यात."

"काय विचारायचं होतं रे तुला?"

"त्या बायकांची नावं."

तोवर मार्गदर्शक बाई माइक बंद करत होत्या.