शांततेला म्यूट करायचं की नाही?

आमच्या घरामागच्या गल्लीतून पेंडल हिल दिसतो. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकडीच वाटेल, पण इथे लँकेशायरमध्ये तिचा मान मोठा आहे. 1652 साली जॉर्ज फॉक्स नावाचा तरुण तिच्यावर चढला आणि पुढे आपल्यासोबत येणाऱ्या मोठ्या जनसमुदायाचं त्याला तिथे दर्शन झालं. त्याच्यापासून सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाचे क्वेकर लोक, म्हणजे स्वतःला नुसतं ‘फ्रेंड्स’ म्हणवणारे, आपली गोष्ट सांगताना या टेकडीला सोडत नाहीत.

मी क्वेकर नाही, ‘अटेंडर’ आहे. सभासद न होता नेमाने येऊन बसणारी. रविवारी तासभर गोल मांडलेल्या खुर्च्यांवर गप्प बसायचं. पाद्री नाही, भजन नाही, वेदी नाही. कुणाला आतून अगदी राहवलंच नाही तर तो उभा राहतो, दोन मिनिटं बोलतो, बसतो. त्याला ‘मिनिस्ट्री’ म्हणतात. त्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही, चर्चा करायची नाही, ते तसंच शांततेत मुरू द्यायचं. तास संपला की एल्डर, म्हणजे या बैठकीची काळजी वाहणारा सभासद, शेजाऱ्याशी हात मिळवतो.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नुसतं बसायचंच होतं तर इगतपुरी काय वाईट होतं?” माझ्या भावाने तिथे दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलंय. पण तिथलं मौन ज्याचं त्याचं. इथलं पंगतीसारखं. जेवायचं आपापल्याच ताटात, पण पंगत एक.

2020 मध्ये दारं बंद झाली तेव्हा ही पंगत सगळीकडेच पडद्यावर आली. दारं उघडली, पडदा मिटला, आणि आमच्याकडचे तिघं मागे राहिले. एकाचे गुडघे, एकीची बंद झालेली बस, एकीला गाडी चालवायचा धीर उरला नव्हता. लॅपटॉप मला हाताळता येतो, म्हणून “बुधवारी दुपारी अर्धा तास ऑनलाइन बसू या का?” हे मीच सुचवलं. (अर्धा तास अशासाठी की फुकटचं झूम 40 मिनिटांनी बंद पडतं. यात अध्यात्म काही नाही.)

मला वाटलं, लिंक पाठवली की झालं. कसलं काय! विषय आधी कामकाजाच्या सभेत. तिथला ‘क्लार्क’ म्हणजे आपला कारकून नव्हे, सभा चालवणारी व्यक्ती. मतदान होतच नाही. एक जण बोलला की थोडं थांबायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. सगळ्यांचा कौल कुठे जातोय ते क्लार्क हेरते, तिथेच बसून ठराव लिहिते आणि वाचून दाखवते. मान्य असेल तर लोक “होप सो” असं पुटपुटतात. आमच्या नागपूरच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावरून झालेली सभा आठवून मला पहिल्यांदा तर हसूच आलं.

दोन सभा गेल्या एकाच प्रश्नावर: माइक बंद ठेवायचे की चालू? मी म्हटलं बंद, अर्थात. कुत्री भुंकतात, कुरियरवाला येतो. तेव्हा गुडघेवाले आजोबा म्हणाले, सगळे म्यूट असले तर ती शांतता नव्हे, सहा वेगवेगळ्या खोल्या. मला ते पटायला आठवडा लागला. माइक चालू ठेवले, तर अ‍ॅप आवाज गाळून टाकू लागलं. एका आजींच्या घड्याळाची टिकटिक त्याच्या लेखी कचरा! शेवटी सेटिंगमध्ये शिरून आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय शोधला आणि टिकटिक परत आली. दुसरी गंमत म्हणजे जो खोकेल तो पडद्यावर मोठा दिसायचा. म्हणून आता सगळे चौकटीत, सारख्या आकाराचे. हात मिळवायच्या जागी एल्डर हात हलवतात.

आम्ही सहा जण. 1664 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अधिकृत चर्चबाहेर, घरची माणसं सोडून पाचांहून जास्त लोकांनी उपासनेला जमणं गुन्हा होता. एकाने विषय काढला. सहा जण सहा घरांत बसलेले असले तर काय, यावर मात्र चर्चा चांगलीच रंगली.

आमचे दोन म्हणजे उन्हाळ्यात भारतातले साडेसहा, त्यामुळे एका बुधवारी आईही आली. वर्ध्याहून, असं मी सांगताच टिकटिकवाल्या आजी एकदम पुढे झुकल्या. “सेवाग्रामच्या जवळ?” मार्जरी साइक्स या इंग्लिश क्वेकर शिक्षिकेने सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलं, हे त्यांना ठाऊक. वर्ध्यात वाढलेल्या मला ते पेंडल हिलच्या पायथ्याशी कळावं!

मग आम्ही बसलो. पंधरा मिनिटं गेली असतील. आईच्या चौकटीतून कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळाने दुसरी. तिसरी. मी डोळे मिटून घेतले. आणि आईचा खणखणीत आवाज आला, “अहो, तीन झाल्या, बंद करा आता!”

कुणी हललं नाही. आजोबांनी मान खाली घातली. बाकीचेही तसेच, गंभीर, ते शब्द मुरवत बसले. अर्धा तास संपल्यावर हात हलवले, आईला धन्यवाद दिले. अर्थ कुणीच विचारला नाही. मिनिस्ट्रीचा अर्थ विचारायचा नसतो.

मीही सांगितला नाही.