कोणी वाद घातला नाही

आज सरकारी बैठकीत भरपूर बोललो आणि एकानेही मला खोडून काढलं नाही. तेच खुपतंय.

विषय नेहमीचाच, २०२१च्या आयटी नियमांतला चौथा नियम. ज्या मेसेजिंग कंपनीचे भारतात ५० लाखांहून जास्त वापरकर्ते आहेत, तिने आदेश आला की मेसेज सगळ्यांत आधी कोणी पाठवला ते सांगायचं. मजकूर उघड करायची गरज नाही, हेही त्यातच लिहिलंय. अहो, पण मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो; मधल्या सर्व्हरला मजकूर दिसतोच कुठे? एकच 'गुड मॉर्निंग' दोघांना पाठवलं तरी वाटेत त्याची दोन निराळी रूपं असतात. मग म्हणतात, प्रत्येक मेसेजचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, साठवा. एक स्वल्पविराम हलवला की हॅश पार बदलतो. आणि साठवायचा तर सगळ्यांचाच, कारण उद्या कोणाबद्दल विचारणा होईल ते आज कोणाला माहीत?

माना डोलल्या. "बहुत अच्छा समझाया, प्रोफेसर साब." बिस्किटं फिरली. पुढचा विषय.

विद्यापीठातल्या आमच्या विभागात पहिल्याच स्लाइडला कोणीतरी हात वर केला असता. मी शिकत असताना आमचे सर तर सोलून काढायचे. तेव्हा रडू यायचं, आज त्यांना फोन करावासा वाटला, केला नाही. इथे मला खुर्ची मिळते ती भिंतीकडची, टेबलाजवळची नाही. असो.

कदाचित पटलं असेल सगळ्यांना? छे. पटलेला माणूससुद्धा एखादी शंका काढतो. कोणी भांडलं असतं तर निदान ऐकलं एवढं तरी कळलं असतं.

चहाच्या वेळी सेक्शन ऑफिसर हळूच म्हणाले, "सर, कोई कॉपी करके नया मेसेज बना दे, तो पहला कौन?" दिवसभरातला एकमेव खरा प्रश्न! म्हटलं, तोच पहिला दिसेल बिचारा. आणि मेसेज मुळात परदेशातून आला असेल तर? ते हसले. "वो तो नियम में है, सर." आहेच की. मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल, तर भारतात ज्याने आधी पाठवला तोच पहिला मानायचा. आम्ही जन्मभर सिद्ध करत बसतो, ही मंडळी मानून मोकळी होतात. पीएचडीच्या वेळी ही सोय असती तर दोन वर्षं वाचली असती.

उद्या एक पानी टिपण द्यायचंय. कॉपी-पेस्टचा प्रश्न सगळ्यात वर घालतोय. तुमचं नाव लिहू का, विचारलं तर दोन्ही हात हलवून नको म्हणाले. रिटायरमेंट जवळ आलीय त्यांची.