डिलीतील एका घरातल्या भाषा

पूर्व तिमोरची राजधानी डिली येथे मी ज्या घरी उतरले होते, तेथील आजोबांनी पहिल्याच सकाळी माझ्यापुढे बशी सरकवत ‘पाउं’ म्हटले आणि बशीत पाव होता. पुढे साबणासाठी ‘सबाउन’ आणि चावीसाठी ‘शावी’ हे शब्द कानी पडले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या बेटाच्या पूर्व भागाचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, हे पूर्वी केवळ वाचलेले वाक्य मला एकाएकी जवळचे वाटू लागले.

आजोबा मिशनच्या शाळेत पोर्तुगीजमधून शिकले. त्यांच्या मुलीचे सारे शिक्षण इंडोनेशियन भाषेत झाले, कारण २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर अवघ्या नऊ दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य येथे उतरले आणि शाळांतून पोर्तुगीज हद्दपार झाली. नातू तेतुम ही स्थानिक भाषा आणि पोर्तुगीज शिकतो, पण घरात सगळे मांबाई ही दुसरी स्थानिक भाषा बोलतात. २००२ च्या राज्यघटनेने तेतुम व पोर्तुगीज यांना अधिकृत भाषांचा दर्जा दिला. पोर्तुगीज ही परकी सत्तेची भाषा असूनही ती का ठेवली, असे मी विचारले. ‘डोंगरातले आमचे लोक याच भाषेत पत्रे लिहीत होते,’ एवढेच उत्तर आजोबांनी इंडोनेशियाविरुद्ध लढणाऱ्यांविषयी दिले. तेतुमला प्रतिष्ठा मिळाली ती बऱ्याच अंशी चर्चमुळे. १९८१ मध्ये प्रार्थनेसाठी इंडोनेशियनऐवजी तेतुम स्वीकारण्याचा निर्णय झाला, आणि माझ्या मते तो कोणत्याही राजकीय ठरावाइतकाच धाडसी होता.

सांताक्रूझच्या दफनभूमीत मी बराच वेळ थांबले. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी एका तरुणाच्या स्मरणार्थ निघालेला जमाव येथे पोहोचला आणि सैनिकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. ब्रिटिश पत्रकार मॅक्स स्टाल यांनी ते दृश्य टिपले, चित्रफीत एका थडग्यात पुरून वाचवली, आणि जगाला तिमोर दिसले. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० मृत्यू झाले, त्यांतील बहुतेक भूक व आजार यांमुळे. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. त्यानंतर शहर जाळले गेले, तरीही २० मे २००२ रोजी येथे स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज चढला.

मौबिसेच्या घाटात सावलीच्या उंच झाडांखाली कॉफी पिकते आणि अनेक कुटुंबांच्या हाती येणारा रोख पैसा तेवढाच असतो. सरकारचा खर्च मात्र समुद्रातील तेल व वायूच्या उत्पन्नातून २००५ मध्ये उभारलेल्या निधीवर चालतो. शनाना गुश्मांव आणि जोझे रामोस-होर्ता ही लढ्यातील माणसे अजूनही राजकारणाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या तरुणांना काम मात्र परदेशातच शोधावे लागते, आणि मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते याच गोष्टीने.

शेवटच्या संध्याकाळी नातू कोरियातील नोकरीसाठी लागणाऱ्या भाषापरीक्षेची वही घेऊन बसला होता. आजोबांनी त्याला पावाचा कोरियन शब्द विचारला. ‘प्पांग,’ तो म्हणाला. पोर्तुगीजांनी जपानला दिलेला आणि तेथून कोरियात गेलेला हा शब्द आजोबांनी दोनदा उच्चारून पाहिला, आणि टोपलीतला पाव तोडून अर्धा त्याच्या हाती दिला.