गोव्यात लोकर कोण विणतं?

गोव्यात विणकामाचा क्लास चालतो म्हटलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक आधी हसून घेतात. हसू देत. इथे जानेवारीत पहाटे पारा विशीच्या आसपास आला की आम्ही मफलर गुंडाळून 'काय थंडी पडलीय' म्हणत पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघतो आणि नऊ वाजता तोच मफलर काखेत असतो. मग लोकर खपते कुणासाठी? म्हापशाच्या त्या लोकरीच्या दुकानात जरा वेळ उभं राहिलं की कळतं. एकीचा मुलगा कॅनडात, एकीची लेक जर्मनीत बाळंतीण, एकीचे दीर-जाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला, आणि तिकडे सगळं रेडिमेड मिळतं हे माहीत असूनही इथून कुंची, टोपडं, मोजे असं पार्सल जायलाच पाहिजे, नाहीतर आजीपणाला काय अर्थ. म्हणजे विणतो आम्ही घाम पुसत आणि घालणारे बर्फात.

दुकानाच्या माडीवर शनिवारी क्लास असतो, तीन बॅच. बिगिनर, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड, असं पाटीवर लिहिलंय. बिगिनरमधे टाके घालायचे, सगळ्या ओळी सुलट, मग एक सुलट एक उलट, शेवटी टाके बंद. वीस टाक्यांनी सुरुवात केलेली पट्टी वर जाता जाता सव्वीसची होते आणि पट्टीचा पंखा होतो, हे प्रत्येकीचं होतंच. ओळ संपवून विणकाम फिरवताना धागा सुईवरून मागे ओढला जातो, मग कडेच्या एकाच टाक्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि ती बिचारी दोन्ही विणते. पावसाळ्यात तर अजून मजा, अ‍ॅक्रिलिक घामट बोटांना चिकटतं आणि बांबूच्या सुयांवर टाके पुढे सरकायला तयार नसतात, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्याच बऱ्या.

पण मला गंमत वाटते ती बॅच ठरवण्याची. कारण ही लेव्हल नक्की कशाची? आमच्या शेजारच्या मावशी घ्या. लग्नाआधीपासून विणतायत, गल्लीतल्या निम्म्या बाळांच्या अंगावर त्यांचं काहीतरी चढलेलं आहे, टीव्हीवर मालिका बघता बघता हात चालू. पण छापील पॅटर्न हातात दिला की 'हे मला नको गो, कोणीतरी करून दाखव, मी बघून करते'. आणि त्यांच्याच बाजूला बसलेली आयटीतली एक मुलगी, वर्क फ्रॉम होमला पर्वरीत येऊन राहिलेली, तिला चौकटी-चौकटींचा चार्ट सरळ वाचता येतो, लेस, केबल सगळ्या विणींची नावं पाठ, पण हात इतका सैल की टाक्यातून करंगळी जाईल. आता सांगा ॲडव्हान्स्ड कोण?

शिकवणाऱ्या टीचर 'किती वर्षं विणता' हे विचारतच नाहीत. त्या तळहाताएवढा एक विणलेला तुकडा हातात देतात, त्यात मुद्दाम काहीतरी बिघडवलेलं असतं, एक टाका गळालेला, किंवा सुलटच्या जागी उलट पडलेला, आणि म्हणतात, शोध. बस्स. सुलट टाका समोरून व्ही अक्षरासारखा दिसतो आणि उलट टाक्यावर आडवी गाठ दिसते, आणि मुळात ते दोन नाहीतच, एकाच टाक्याची पुढची आणि मागची बाजू आहे. हे ज्याला दिसलं त्याला ओळ मोजत बसावं लागत नाही, फोन आला, दारात मासेवाली आली, तरी परत येऊन बघितलं की कुठे होतो ते समजतं. गळालेला टाका खाली खाली उतरत शिडी करतो, ती शिडी क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलत आणायची, अख्खं उसवायची गरज नाही. मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा उजेडाकडे धरला आणि चूक दाखवली, आणि दाखवता दाखवता दुरुस्तही करून टाकली, टीचरने थांबवायच्या आत. आयटीवालीने चार्ट मागितला. टीचर तिला म्हणाल्या, "ज्ञान बरें आसा गो, पूण दोळे खंय?"

मला हे पटतं. पण मावशींची बाजू घ्यायची म्हणून कागदाला नावं ठेवायची हेही मला जमत नाही, कारण बघून करणाऱ्यांचं सगळं गाडं अंदाजावर चालतं आणि अंदाज बाळाच्या टोपड्यापर्यंत ठीक असतो. मोठ्या माणसाच्या स्वेटरला नाही. दहा सेंटिमीटरमधे बावीस टाके बसत असतील तर एकशे दहा टाक्यांची पाठ पन्नास सेंटिमीटर होते. हात थोडा सैल पडून बाविसाचे वीस झाले की तीच पाठ पंचावन्न, पुढचा भाग धरून घेर दहा सेंटिमीटरने वाढला, आणि जावयाचा स्वेटर सासरे घालतायत. म्हणून इंटरमिजिएट बॅचमधे आधी चौकोनी नमुना विणायला लावतात, धुवायला लावतात, वाळला की पट्टी लावून मोजायला लावतात, आणि ह्या एका गोष्टीला सगळ्या बायका इतक्या वैतागतात की विचारू नका.

त्यात सुयांच्या नंबरचा घोळ. आपल्याकडे दुकानात अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि दहा नंबर ३.२५. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, तिथे आठ म्हणजे ५ मिलिमीटर आणि दहा म्हणजे ६. यूट्यूबवरची अमेरिकन बाई आठ नंबर म्हणाली, क्लासमधल्या एकीने खाली काउंटरवरून आठ नंबर घेतली, आणि टोपी झाली नारळाला बसेल एवढी. टीचरनी भिंतीवर मोठ्या अक्षरात 'मिलिमीटर विचारा' असं लिहून ठेवलंय.

तिसऱ्या बॅचमधे मोज्याची टाच, लेस, गळ्यापासून खाली विणत आणायचा स्वेटर असलं काय काय. तिथे कॉटनचे टॉप विणणाऱ्याही आहेत, गोव्यात घालता येईल असं काहीतरी म्हणून. चांगला विचार आहे, पण लोकर ताणली तर परत जागेवर येते, सूत येत नाही, वजनाने लोंबतं, त्यामुळे बिनलोकरीचं विणणं सोपं असेल असं समजून आलेल्या तिथेच फसतात.

ज्यांचे खांदे दुखतात त्यांना टीचर पोर्तुगालची पद्धत दाखवतात. धागा मानेमागून घ्यायचा, किंवा छातीला पिन लावून तिच्या हुकातून, आणि डाव्या अंगठ्याने सुईवर नुसता टाकायचा. त्यात उलट टाका सुलटपेक्षा सोपा जातो, आणि आमच्याकडे तर उलट ओळ आली की सगळ्यांचा स्पीड अर्धा होतो. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज इथे होते, आणि मी ही पद्धत पहिल्यांदा बघितली ती मोबाईलवर.

मावशींचं पुढे काय झालं, तर टीचर म्हणाल्या ॲडव्हान्स्डला बसा, चार्ट मी शिकवते. मावशी एक शनिवार बसल्या आणि परत मधल्या बॅचला आल्या. म्हणाल्या, वर सगळ्या तोंडातल्या तोंडात टाके मोजत बसतात, कुणी कुणाशी बोलत नाही. बिगिनरच्या घाबरून बोलत नाहीत. मधल्यांनाच काय ते हात चालू ठेवून गप्पा मारता येतात, आणि कुणाच्या सुनेचं कुठे जमलं ते सगळं तिथेच कळतं. टीचरनी त्यांना वर पाठवायचा नाद सोडला. आता आयटीवालीही त्यांच्या शेजारी येऊन बसते, ती चार्ट वाचून दाखवते, मावशी विणतात, आणि फी मात्र दोघींना एकाच बॅचची पडते.